घुम्याची मोजदाद

४ मार्च, सोमवार

आजही शून्य!

हे आले, पायरीवर बूट काढले, दुर्बीण पेटीत ठेवली, टोपी खुंटीला लावली. मी चहा पुढे केला. "एकही नाही," एवढंच म्हणाले.

पण मी तर ऐकला! सकाळी गच्चीवर चादरी वाळत घालत होते, तेव्हा नदीच्या बाजूने स्पष्ट आला — हूं... हूं... हूं. रिकाम्या पिंपात तोंड घालून कुणी बोलावं तसा. मला वाटलं, आज स्वारी खुशीत घरी येणार. आली ती तोंड पाडून.

घुम्या म्हणजे रानातला फळखाऊ पारवा. पुस्तकात त्याचं लांबलचक नाव आहे, ते ह्यांना पाठ आहे. आम्ही आपलं घुम्याच म्हणतो, कारण तो घुमतो. (घरातला घुम्या वेगळा!) हिरव्या पानांत हिरवा पक्षी, वर जाऊन बसतो शेंड्याला, जमिनीवर पाय टेकत नाही. दिसत नाहीच. म्हणून त्याला कानाने मोजायचं. नदीकाठच्या वाटेवर ठरलेल्या जागी उभं राहायचं, डोळे मिटायचे, किती जण घुमतात ते लिहायचं. लग्न झालं तेव्हापासून दर वर्षी फळांच्या दिवसांत हे जातात. दुकान उशिरा उघडतं, पण मोजणी चुकत नाही. पूर्वी येऊन नकला करून दाखवायचे — पुलाजवळचा खाकरल्यासारखा घुमतो, वळणावरचा घाई करतो. मी म्हणायचे, माझा आवाज तरी एवढा ओळखता का?

गेली दोन वर्षं शून्य. यंदाही शून्य आलं तर पक्षिगणनेच्या कार्यालयातले लोक कागदावर "या भागातून नाहीसा" असं लिहिणार आहेत. मग मोजणी बंद. मग ह्यांनी सकाळी उठून करायचं काय?

६ मार्च

मला भास झाला म्हणावं, तर आज पुन्हा ऐकला. आणि ह्यांच्या कानात खोट आहे म्हणावं, तर आज जेवताना घास तोंडाशी थांबवून म्हणाले, "वरच्या खोलीतलं घड्याळ मागे पडतंय, टिकटिक बघ कशी लंगडतेय." खाली बसून वरची टिकटिक! मी ओट्याशी पुटपुटले, "बायकोचं म्हणणं मात्र ऐकू येत नाही." लगेच उत्तर — "येतं, येतं."

घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचा कान तो. कुणी मनगटावरचं घड्याळ आणून दिलं की आधी कानाला लावतात, मग उघडतात. मग घुम्या कसा ऐकू येत नाही?

९ मार्च, शनिवार

खात्री करायची म्हणून आज बरोबर गेले. गुडघ्यासाठी चालायला सांगितलंय, अशी थाप मारली. हे खूश झाले. वाटेत मला खोडं दाखवत होते. या झाडाची बी अंगठ्याएवढी. घुम्याच तेवढा मोठा आ करतो, अख्खं फळ गिळतो आणि बी लांब नेऊन टाकतो. दुसऱ्या कुठल्या पाखराला ते जमत नाही. "बघ, खाली एक तरी रोप आहे का?" नव्हतं. म्हातारी झाडं नुसती.

दुसऱ्या थांब्यावर घुमला. डोक्यावरच! मी ह्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटलेले, मान वर, निकालाच्या दिवशी पोरं उभी राहतात तसे उभे. तो पुन्हा घुमला. ह्यांनी डोळे उघडले, घड्याळ पाहिलं आणि कागदावर गोल शून्य काढलं.

घरी येऊन बटाटे उकडायला ठेवले आणि पार विसरले. पातेल्याचा कोळसा झाला.

१० मार्च, रविवार

सापडलं!

लेक आणि जावई जेवायला आले होते. जावई माणूस सोन्यासारखा, पण आवाज म्हणजे ढोल. माझ्या भावंडांत त्यांचं नावच ढोल आहे (त्यांना माहीत नाही). जेवताना ते म्हणाले, "बाबा, जरा मीठ देता का?" हे आपले जेवताहेत. पुन्हा विचारलं. हे जेवताहेत. जावयांनी मान खाली घातली. लेकीचा चेहरा लाल. मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "लग्न झाल्यापासून बघतेय आई, बाबांना हे आवडतच नाहीत. तोंडदेखलं तरी बोलावं माणसाने!"

मी तिची समजूत घालणार, तेवढ्यात खालून मोठा ट्रक गेला. फडताळातल्या कपबशा थरथरल्या. जावई दचकले. ह्यांना पत्ता नाही! मग मी मुद्दाम आतूनच, अगदी हळू, माझ्या चिरक्या आवाजात म्हटलं, "भात वाढू का?" बाहेरून — "थोडाच."

म्हणजे बारीक आवाज येतात. जाड आवाज येत नाहीत! टिकटिक येते, डास येतो, मी येते. ट्रक येत नाही, ढोल येत नाही आणि घुम्या येत नाही.

मी ओट्याला धरून हसत सुटले. लेकीला वाटलं, आईला वेड लागलं. इतकी वर्षं ते बिचारे जावई सासऱ्याच्या रागाचं कारण शोधताहेत! आणि मग हसता हसता रडूच आलं. कारण ते शून्य ह्यांच्या कानांतलं आहे आणि हे मी ह्यांना सांगायचं आहे. लेकीला सांगितलं, इतक्यात कुणाला बोलू नकोस.

११ मार्च

कसं सांगू? ह्यांच्या स्वयंपाकाला नावं ठेवली तर चालेल, चालण्याला ठेवली तर चालेल. पण कान! सगळा डोलारा त्या कानांवर उभा आहे.

१३ मार्च, बुधवार

गणनेच्या कार्यालयातली चष्मेवाली दुकानात आली होती. गोड पोर. केसांचा बुचडा बांधून त्यात पेन खोचते आणि मग सगळीकडे पेन शोधते. तिलाही वाईट वाटत होतं. म्हणाली, या महिनाअखेरपर्यंत काही मिळालं नाही तर तिला लिहून द्यावं लागेल. हे भिंगाखाली एक स्प्रिंग बसवत होते, हात थांबला नाही, नुसती मान हलली.

मी विचारलं, मोजण्यात चूक झाली असेल तर? ती हसली. "काकू, बाकी कुणाच्या मोजणीवर शंका घेऊ. काकांच्या कानांवर आमचा डोळे झाकून विश्वास आहे."

ह्यांच्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

१६ मार्च, शनिवार

सांगितलं. सांगितलं म्हणजे सांगितलं गेलं.

आजही बरोबर गेले. वाट ओली होती म्हणून ह्यांचा हात धरला. तिसऱ्या थांब्यावर तो घुमला, इतका जवळ की माझ्याकडून ह्यांचा हात आपोआप दाबला गेला. ह्यांनी डोळे उघडले.

"काय झालं?"

"घुम्या."

"कुठे?"

"वर. आत्ता घुमला. हा बघा, पुन्हा."

बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी थट्टा करतेय का ते बघत असावेत.

"कधीपासून ऐकू येतोय तुला?"

"रोज येतो. गच्चीवरून."

कागदाची घडी केली, खिशात घातली आणि उरलेले थांबे न करता घराकडे वळले. माझा हात मात्र सोडला नाही.

१७ मार्च

दुकान बंद. रविवारी तसंही बंद असतं, पण हे खाली जाऊन आतून कडी लावून बसतात, ते आज गेले नाहीत. खुर्चीत बसून एकदाच म्हणाले, "तीन वर्षं." मी म्हटलं, अहो, माणसाचे कान आहेत, गंज चढायचाच.

दुपारी जिन्यातल्या मोठ्या घड्याळाजवळ उभे दिसले. तेच, ज्याचे टोले शेजाऱ्यांना सुद्धा ऐकू जातात. लाकडावर तळहात टेकवून उभे होते. टोला पडला.

"पडला का?" त्यांनी विचारलं.

"पडला."

"हाताला कळतंय. मला वाटायचं, मी ऐकतोय."

मी जाऊन पाठीवर हात ठेवला. एवढा मोठा माणूस, लहान मुलासारखा खांदे पाडून उभा होता. फार माया आली मला. आधी का आली नाही एवढी, कोण जाणे. मी जिन्यातच खाली बसले, तेही बसले. मग त्यांना जावयांची गोष्ट सांगितली. मीठ, ट्रक, भात, सगळी. आधी हसले नाहीत. मग हसले. मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "त्यांना फोन लाव."

फोनवर काय बोलावं हेही ठरवलं नव्हतं. "जावईबापू, तुमच्यावर राग नाही हो माझा. तुम्ही बोलता ते मला ऐकूच येत नाही." पलीकडून जावई काहीतरी बोलत राहिले, बराच वेळ. ह्यांना अर्थातच एक अक्षर कळलं नाही. "हो, हो," म्हणत राहिले. मला इकडे, फोनपासून एवढ्या लांब, सगळं ऐकू येत होतं. ढोल रडत होता.

१८ मार्च

चष्मेवालीला ह्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. मी म्हटलं होतं, मी सांगते. "चूक माझी, तू कशाला?" तिने म्हणे आधी बुचड्यातलं पेन शोधलं. मग विचारलं, "काकू येतील तुमच्याबरोबर?"

येतील म्हणजे काय! काकू निघाल्याच.

२३ मार्च, शनिवार

पद्धत ठरली. ह्यांच्या उजव्या हातात पेन, डावा माझ्या हातात. बोलायचं नाही, बोललं की पाखरं गप्प होतात. घुम्या घुमला की मी हात दाबायचा. एक घुम्या, एक दाब. हे लिहिणार.

पहिल्या थांब्यावर एक! दुसऱ्यावर दोन! ह्यांच्या कपाळावरची आठी तिथेच गेली. शेवटच्या थांब्यापर्यंत नऊ झाले. नऊ! कागदावर शेवटी "पत्नीच्या कानांनी" असं लिहून खाली माझी सही घेतली. उभ्या आयुष्यात माझी सही कुणी एवढ्या अदबीने घेतली नव्हती.

परत येताना बेकरीवाल्या बाईने आम्हाला हातात हात घालून येताना पाहिलं आणि पाव बांधता बांधता म्हणाली, "काय हो, आता सुचलं?" हे लाजले. खरंच लाजले! पण हात सोडला नाही.

२४ मार्च

मी ह्यांना सांगितलं, लग्नात सुद्धा एवढा वेळ हात धरला नव्हता. "तेव्हा मोजण्यासारखं काही नव्हतं," म्हणे. अस्से!

३० मार्च, शनिवार

अकरा! माझ्या कानांना आता भाव आलाय. चष्मेवालीने फोन करून दोनदा विचारलं, अकरा? अकरा, मी म्हटलं, एकही कमी नाही. कागदावर "नाहीसा" लिहिणं तूर्त थांबलं. लेकीने माझ्यासाठी केक पाठवला, त्यावर साखरेचा हिरवा पक्षी. जावयांनी फोनवर मुद्दाम बारीक आवाज काढून सासऱ्यांचं अभिनंदन केलं. ह्यांना ऐकू गेलं! दोघे खिदळत होते.

२ एप्रिल, मंगळवार

कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कानातलं एक बारीकसं हाड आखडलंय, जाड आवाज आत पोचत नाहीत. यंत्र लावलं तर पोचतील. ह्यांनी ते यंत्र आधी हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं, झाकण कसं बसतं ते विचारलं, कारागिरीला मान डोलावली आणि मगच कानात घातलं.

घरी आल्यावर — "हा फ्रिज कायम असा कण्हतो?" मग जिन्यातल्या घड्याळासमोर टोला पडेपर्यंत उभे राहिले. मग जावयांना फोन. दोन कप चहा संपेपर्यंत गप्पा झाल्या. फोन ठेवून मला म्हणाले, "माणूस चांगला आहे की!"

आता शनिवारी माझी गरज नाही. मी तसं म्हटलं सुद्धा. "यायचंस," म्हणाले.

६ एप्रिल, शनिवार

हे लिहायला हात उठत नाही.

पहिल्या थांब्यावर तो घुमला आणि ह्यांना ऐकू आला. मान वर, डोळे मिटलेले, गालांवरून पाणी. मी हात दाबलाच, सवयीने. ह्यांनीही दाबला. तिथपर्यंत किती छान होतं सगळं!

दुसऱ्या थांब्यावर घुमला. मी दाबला. आधी डावीकडून, मग जरा पुढून. मी पुन्हा दाबला. ह्यांनी लिहिलं नाही. तिसऱ्या थांब्यावर बराच वेळ ऐकत राहिले. चौथ्यावर पेन खिशाला लावलं.

"अगं, हा तोच आहे."

"कोण तोच?"

"पहिल्या थांब्यावरचा. शेवटचा हूं ऐक. मध्येच तुटतो. दात झिजलेल्या चाकासारखा. सगळीकडे हाच तुटतोय."

मी ऐकलं. सांगितल्यावर ऐकू आलं. प्रत्येक वेळी शेवटी तुटत होता. एकटाच होता तो. या झाडावरून घुमायचा, थांबायचा, उत्तर आलं नाही की पुढच्या झाडावर जायचा. आम्ही वाटेने पुढे चाललो होतो आणि तो शेंड्याशेंड्याने आमच्याही पुढे. मी एकालाच नऊदा दाबलं. एकालाच अकरा वेळा!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. केक खाल्ला मी त्यावर! हे रागावले असते तर बरं वाटलं असतं. म्हणाले, "तू ऐकलंस ते खरंच ऐकलंस. मोजणं माझं काम होतं." कागदावर "एक" लिहिलं. मागचे नऊ आणि अकरा दोन्ही खोडायला सांगणार आहेत.

८ एप्रिल

चष्मेवाली येऊन गेली. बुचड्यात आज दोन पेनं होती, पण कुणी हसलं नाही. ती म्हणाली, एक म्हणजे शून्य नाही, त्यामुळे "नाहीसा" लिहिणार नाहीत. पण एकट्या नराचं पुढे काही होत नाही. घुम्याची मादी एका वेळी एकच अंडं घालते, आणि इथे तर मादीच नाही. तो आहे तोवर मोजणी चालू राहील.

"म्हणजे तो आहे तोवर मी," हे म्हणाले. हसत म्हणाले, पण मला ते आवडलं नाही. ती गेल्यावर मी सरळ सांगितलं, असलं पुन्हा बोलायचं नाही.

१३ एप्रिल, शनिवार

आज निघताना यंत्र डबीत ठेवून डबी खिशात टाकली. मी विचारलं, अहो, कानात घाला की. "नको. तो हाक मारतो आणि मग गप्प होऊन उत्तराची वाट बघतो, ते ऐकवत नाही. तू सांग."

मी हात धरला. तो घुमला, मी दाबला. मग तो गप्प होऊन वाट बघत राहिला, तेवढं मी एकटीने ऐकलं. कागदावर — एक.

१७ एप्रिल

जावई नवं घड्याळ घेऊन आले होते दुरुस्तीला. काही बिघडलेलं नव्हतं त्याला. दोघे दुकानात तासभर बसले.

२० एप्रिल, शनिवार

यंत्र आजही खिशातल्या डबीत. वळणावर घुमला, शेवटी तुटला. मी हात दाबला. हे म्हणाले, "हं, तोच." मग पलीकडच्या काठावरून, जाड, सावकाश, शेवटपर्यंत सलग. मी पुन्हा दाबला. "तोच गं, उडून गेला असेल तिकडे," असं म्हणून हे लिहायला लागले. आणि तेवढ्यात दोन्हीकडून एकदम! मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, उजव्या हातातलं पेन काढून टाकलं, आणि त्यांचे दोन्ही हात धरून एकदम दाबले.